'मॉर्गानॅटिक' लग्नाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : जर्मन राजघराण्यांवरच्या मजकुरात 'मॉर्गानॅटिक विवाह' (बायकोला नवऱ्याचा दर्जा आणि मुलांना गादी न देणारे लग्न) सारखा आडवा येतो. 'अनुलोम विवाह' (वरच्या वर्णाचा नवरा, खालच्या वर्णाची बायको) चालेल का? की 'असम विवाह' बरा?

— 'अनुलोम' नको, तो शब्द वर्णाला बांधलेला आहे. जर्मनांकडे प्रश्न घराण्याच्या दर्जाचा होता, आणि तो दर्जा पैशानेही येत नसे. फिलिपीने वेल्सर आउग्सबुर्गच्या बड्या पेढीवाल्यांच्या घरातली. ती पेढी सम्राटाला कर्ज देई. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्यातल्या आर्चड्यूक (राजपुत्र) फर्डिनांडने (पुढे आल्प्समधल्या तिरोल प्रांताचा सत्ताधीश) १५५७ मध्ये तिच्याशी गुपचूप लग्न केले. मुलांना तिरोलची गादी मिळाली नाही. थोरला आंद्रेआस कार्डिनल झाला. म्हणून 'तोलामोलाचे घराणे' हा आपला शब्दही इथे फसतो, त्यात पैसा येतोच. मूळ जर्मन शब्द 'एबेनब्युर्टिग', म्हणजे सारख्या जन्माचा. त्याला 'समकुलीन' नेमका बसतो.

— 'असम' आणि 'मॉर्गानॅटिक' एक मानू नका. असम म्हणजे दोन घराण्यांचा दर्जा जुळत नाही, एवढेच. मॉर्गानॅटिक म्हणजे बायकोला नवऱ्याचा दर्जा नाही आणि मुलांना गादी नाही, हे आधीच ठरवून केलेले लग्न. असे काही ठरवून न घेता असम लग्न झाले की मुले वारसा मागत आणि भाऊबंद उठत. १७४२ मध्ये जर्मन राज्यांचा निवडून आलेला सम्राट सातवा कार्ल याला निवडीच्या वेळच्या करारनाम्यात लिहून द्यावे लागले की उघड असम लग्नाच्या संततीला तो राजपदाचे हक्क देणार नाही. दोन गोष्टी, दोन शब्द हवेत.

— जर्मनमध्येच दुसरे नाव आहे : 'डाव्या हाताचे लग्न'. वर उजव्याऐवजी डावा हात देई. मराठीत हे आपसूक रुजते, कारण 'डावलणे' याच डाव्यातून आलेले. मात्र 'डाव्या हाताने लग्न केले' असे लिहू नका; 'डाव्या हाताचा मळ' आठवून वाचकाला ते सहज उरकलेले काम वाटेल. 'डाव्या हाताचे लग्न लागले' असे लिहा.

— 'उपपत्नी', 'नाटकशाळा', 'अनौरस' हे तिन्ही शब्द टाळाच. लग्न धर्माने पक्के असे, बायको हयात असता दुसरी करता येत नसे, मुले औरसच. हेसे या जर्मन संस्थानाच्या राजपुत्र अलेक्झांडरने १८५१ मध्ये यूलिए हाउकेशी लग्न केले, तेव्हा तिला व मुलांना 'बॅटनबर्ग' हे वेगळे नाव व किताब मिळाला. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या शाखेने त्याचे 'माउंटबॅटन' केले. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय यूलिएचे नातू.

— 'मॉर्गानॅटिक'च्या मुळाशी 'मॉर्गेनगाबे' आहे : लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला द्यायची भेट. अशा लग्नात तिचा हक्क तेवढ्यावरच संपे. याला 'हुंडा' म्हटले तर अर्थ उलटा होतो. 'सकाळभेट' म्हणा, ते स्त्रीधनात मोडते. वैधव्यासाठी तोडून दिलेला वाडा व उत्पन्न म्हणजे 'विटुम'. त्याला आपली 'नेमणूक' चालेल. 'चोळीबांगडी' मात्र नको, ती सवाष्णीलाही असते.

— 'मॉर्गानॅटिक' हा शब्द प्रत्यक्षात काय करी ते सोफी खोटेकच्या बाबतीत दिसते. बोहेमियातले (आजचे चेक) जुने काउंट, म्हणजे सरदार घराणे, तरी हाब्सबुर्गांना समकुलीन नाही. २८ जून १९०० रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड याने मुलांचा वारसा सोडल्याची शपथ घेतली, तीन दिवसांनी लग्न लागले. १४ वर्षांनी त्याच तारखेला सारायेव्होत दोघे मारले गेले. व्हिएन्नात तिची शवपेटी नवऱ्याच्या पेटीपेक्षा खाली ठेवली होती, वर पांढरे हातमोजे आणि पंखा. कापुझिनरच्या राजदफनघरात तिला जागा नव्हती, म्हणून दोघांना आर्टश्टेटेनच्या गढीत पुरले.

— मग पहिल्या उल्लेखाला असे लिहावे : 'डाव्या हाताचे लग्न, म्हणजे बायकोला दर्जा आणि मुलांना गादी न देणारे, पण धर्माने पक्के लग्न'. पुढे नुसते 'डाव्या हाताचे लग्न' पुरेल.