मदत हवी आहे: स्पिनेकर वर जातो आणि त्याचा डमरू होतो

तलावातला_खलाशी

नमस्कार मंडळी. इथे शिडाच्या होडीवाले कितीजण आहेत कल्पना नाही. इंग्रजीत विचारलं की एका शंकेच्या बदल्यात दहा नवे शब्द पदरात पडतात, म्हणून मराठीत विचारून बघतो.

मुक्काम इंग्लंड, मिडलँड्स. कॉलेजात असताना मुंबईत नेव्हल एनसीसी केली, तिथे एंटरप्राइझवर शिकलो. निळ्या शिडांची, दोघांची होडी. तिला स्पिनेकर (वारा मागून असताना पुढे फुगणारं मोठं शीड) नसतोच, त्यामुळे ते प्रकरण कधी हातात आलं नाही. गेल्या वर्षी जुनी जीपी१४ घेतली आणि घराजवळच्या जलाशयावर ठेवली. सुकाणूवर मी, जिबवर (पुढच्या लहान शिडावर) बायको. दोन शिडांवर छान चालते. पण होडीबरोबर एका पिशवीत लाल-पांढरा स्पिनेकर मिळाला आणि तेव्हापासून घरातली शांतता गेली.

आत्तापर्यंत तीन प्रयत्न केले.

पहिला: शीड वर गेलं, पण मधोमध पीळ पडला. वर एक फुगा, खाली एक फुगा, मध्ये कंबर. अगदी डमरू. पाच मिनिटं झटके दिले, सुटेना. खाली घेतलं.

दुसरा: फुगला! दहा-बारा सेकंद असं वाटलं की होडीला कोणीतरी वरून उचलतंय. मग होडी पाळण्यासारखी डावी-उजवी डोलायला लागली, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा, आणि शेवटी उलटली. तीही वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे माझ्याच अंगावर. वारा १२ ते १४ नॉट होता.

तिसरा: नीट चालला, पण उतरवताना अख्खं शीड पाण्यात. डोल लावल्यासारखं पाणी भरलं आणि होडी जागच्या जागी थांबली. मासळी मात्र नाही मिळाली.

काय चुकतंय? बायकोने एक शेवटची संधी दिली आहे. तिचा आणखी एक आक्षेप असा की मी भर तलावात "गाय ओढ, गाय ओढ" असं ओरडतो आणि काठावरचे मराठी पाहुणे हसतात. पोलच्या, म्हणजे हे शीड बाहेर धरणाऱ्या दांड्याच्या, टोकातून येणाऱ्या दोराला गाय म्हणतात, त्याला मी काय करू?

चिवडा_लाडू

शिडांमधलं काही कळत नाही, पण वर डमरू, हातात गाय... नंदी तेवढा राहिला. श्रावणात कैलासच उभा केलात की तलावात.

रेवदंडेकर

चिवडा, त्यात घंटाही धरा. जीपी१४च्या शिडावर घंटेचं चिन्ह असतं. वेल्समधल्या एबरडोव्ही गावाजवळ समुद्रात बुडालेल्या घंटांची दंतकथा आहे, त्यावरून.

खलाशी, आधी या चारांची उत्तरं द्या, मग बोलतो. १) होडी उलटली तेव्हा किकर, म्हणजे बूम (मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा) खाली ओढणारा दोर, किती ताणलेला होता? २) सेंटरबोर्ड (होडीखाली पाण्यात जाणारी फळी) किती खाली होता? ३) वारा नेमका कुठून येत होता? ४) हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) कोण ओढतं?

तलावातला_खलाशी

किकर पूर्ण सोडलेला. वाऱ्यामागून जाताना सैल करायचा असंच शिकलोय. बोर्ड पूर्ण वर, तेही तसंच शिकलो. वारा बरोब्बर पाठीमागून. हॅलयार्ड बायको ओढते, पोलही तीच लावते. मी सुकाणू धरतो आणि सूचना देतो.

रेवदंडेकर

मग होडी उलटली नसती तरच नवल.

एकेक घेऊ. किकर सुटला की बूम वर उचलला जातो आणि मेनसेलचा (मोठ्या शिडाचा) वरचा भाग पुढे, डोलकाठीच्याही पलीकडे उघडतो. त्या वरच्या भागात भरलेला वारा डोलकाठीचं टोक वाऱ्याच्या बाजूला ढकलतो. दोन शिडांवर हे खपून जातं. स्पिनेकर लावलात की तोही त्याच टोकाजवळून ओढत असतो आणि त्याचा खालचा भाग इकडून तिकडे हिंदकळत असतो. बोर्ड पूर्ण वर असला तर पाण्यात तो झोका अडवायला काहीच उरत नाही. वारा बरोबर पाठीमागून असेल तर होडीला एका बाजूला रेलून स्थिर व्हायलाही आधार नसतो. तुम्ही तिन्ही गोष्टी एकाच वेळी केल्यात.

पुढच्या वेळी किकर इतका ताणा की मेनसेलची मागची कड वरपासून खालपर्यंत साधारण एका रेषेत दिसेल. बोर्ड तिसरा हिस्सा खाली ठेवा. आणि वारा पाठीवर नको, एका खांद्यावरून येऊ द्या.

तरी डोलायला लागलीच, तर होडी ज्या बाजूला झुकेल त्याच बाजूला सुकाणूने तिला थोडं वळवायचं. कलणाऱ्या डोलकाठीखाली होडी नेऊन ठेवायची, बस. वाऱ्याकडे झुकली तर वाऱ्याकडे. ऐकायला उलटं वाटतं, कारण घाबरलेला हात नेमका दुसरीकडे वळवतो. त्याच वेळी क्रूने स्पिनेकरची शीट (गायीच्या समोरच्या खालच्या टोकाचा दोर) थोडी आत घ्यायची, म्हणजे शिडाचं हिंदकळणं आवरतं.

आणि १४ नॉटमध्ये शिकू नका हो. ६ ते ८ नॉटचा दिवस शोधा.

ऑकलंडची_ताई

मी बरीच वर्षं क्रू म्हणून होडीत बसले आहे, त्यामुळे तुमच्या बायकोची बाजू घेते. हॅलयार्ड तुम्ही ओढायचा. सुकाणूची दांडी दोन गुडघ्यांमध्ये धरा, उभे राहा आणि भराभरा ओढून क्लीटमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवा. तिचे दोन्ही हात गाय, शीट आणि पोलसाठी मोकळे हवेत. एका माणसाने ओढायचंही आणि पोलही लावायचा तर शीड अर्ध्यात लोंबकळत राहतं, आणि पीळ पडतो तो तेव्हाच.

डमरूचं दुसरं कारण पिशवीत आहे. तुम्ही शीड कोंबत असणार. तसं करू नका. हॉलमध्ये सतरंजीवर बसा. आधी वरचं टोक शोधा. जुन्या शिडावर खुणा पुसलेल्या असतात, म्हणून युक्ती सांगते: तुमच्या शिडाच्या दोन उभ्या कडा सारख्या लांबीच्या आहेत. त्या दोन्ही ज्या टोकाला एकत्र येतात ते वरचं टोक. तिथून एक कड बोटांतून सरकवत खालच्या टोकापर्यंत या, मग दुसरी. वाटेत पीळ असला तर हाताला कळतो. दोन्ही कडा मोकळ्या झाल्या की मधला पोटाचा भाग आधी पिशवीत भरा आणि तिन्ही टोकं वर बाहेर ठेवा, वरचं टोक मधे. वरच्या आणि खालच्या टोकांची अदलाबदल करून शीड आडवं चढवणारे लोक मी पाहिलेत. त्यातली एक मीच.

दोर अडकवण्याआधी मान वर करून हॅलयार्ड पाहा. तो फोरस्टेला (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेला) गुंडाळलेला नको. स्पिनेकरचं सगळं काही बाहेरून जातं: फोरस्टेच्या बाहेरून, डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारांच्या बाहेरून, जिबच्या शीटच्याही बाहेरून.

सुरुवातीला वारा ज्या बाजूला वाहून जातो त्या बाजूच्या पिशवीतून शीड काढा. तुम्ही ओढत असताना तिने गाय मागे घ्यायची, म्हणजे एक खालचं टोक फोरस्टेला वळसा घालून पुढे येतं. दोन खालची टोकं एकमेकांपासून लांब गेली की पीळ टिकत नाही. मग पोल: आधी गायीला, मग वर-खाली करणारा दोर, शेवटी डोलकाठीच्या कडीला. पोल वाऱ्याला काटकोनात ठेवायचा आणि खालची दोन्ही टोकं समान उंचीवर.

तरीही डमरू झालाच तर पाच मिनिटं झटापट करू नका. हॅलयार्ड हातभर खाली सोडा, खालची कड दोन्ही बाजूंना खेचा. नाही सुटला तर सरळ खाली घ्या.

वाऱ्यावरची_वरात

एवढं सगळं करण्यापेक्षा पुढे दांडा असलेली, विषम स्पिनेकरची होडी घ्या ना. पोल नाही, गाय नाही, भानगड नाही.

रेवदंडेकर

आणि होडीचे पैसे तुम्ही देणार? जीपी१४ ही जॅक होल्टने १९४९ साली काढलेली १४ फुटी होडी. तिच्या वर्गात स्पिनेकर पोलवालाच. शिवाय विषम स्पिनेकर घेऊन वाऱ्यामागून सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. लहान तलावात दर दोन मिनिटांनी काठ येतो. बाय द वे, खलाशी, तुमची एनसीसीतली एंटरप्राइझही होल्टचीच, १९५६ सालची. म्हणजे घराण्यातच आहात.

खोल_पाणी

उतरवण्याचं कोणी बोललंच नाही. तिसरा प्रयत्न फसला कारण हॅलयार्ड आधी सोडलात. क्रम असा: आधी पोल काढून होडीत ठेवायचा. मग क्रूने गाय ओढत खालचं टोक हातात आणायचं, सगळी खालची कड छातीशी गोळा करायची. तोवर शीड वरच राहू द्या, फडफडलं तरी चालेल. खालची कड पूर्ण हातात आली की तिने ओरडायचं "सोड", आणि मगच तुम्ही हॅलयार्ड सोडायचा. तोही एकदम भसकन नाही, तिच्या हाताच्या वेगाने.

दुसरं, स्पिनेकरसकट उलटलात तर होडी लगेच सरळ करायला जाऊ नका. हॅलयार्ड सोडा, शीड गोळा करून पिशवीत कोंबा (इथे कोंबलेलं चालतं, ताई), मग बोर्डवर चढा. नाहीतर सरळ होताक्षणी शीड भरतं आणि होडी दुसऱ्या बाजूला पडते. मी एकदा चार वेळा पडलोय.

तलावातला_खलाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय.

आधी होडी ट्रेलरवर बांधून गवतावर सराव केला. हलका वारा पाठीमागून होता. पोल लावायचा-काढायचा कार्यक्रम वीसेक वेळा झाला. शेजारच्या आजोबांनी खुर्ची आणून बघितलं. तिथेच कळलं की माझा हॅलयार्ड फोरस्टेभोवती एक वेढा घेऊन खाली येत होता. ताई, साष्टांग नमस्कार.

रविवारी ७ नॉट वारा मिळाला. किकर ताणला, बोर्ड तिसरा हिस्सा खाली, वारा उजव्या खांद्यावरून. मी उभा राहून ओढलं, तिने गाय घेतली आणि शीड एकदाचं भरलं. तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. एकदा डोलायला लागली तेव्हा हात घाबरून उलट्या बाजूला निघालाच होता, पण बायको म्हणाली, "रेवदंडेकर काय म्हणाले?" वळवली, थांबली. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई ही शिडाची नौका घेऊन एकटे पृथ्वीला फेरी मारून आले, आम्हाला दोघांना मिळून एक तलाव ओलांडल्याचा तेवढाच आनंद झाला.

जाइब (वारा मागून असताना शिडं दुसऱ्या बाजूला नेणं) मात्र जमली नाही. मेनसेल पलीकडे गेलं, पोल दोन्हीकडून सुटून पाण्यात पडला. तरंगतो हे नशीब. पोल आधी कुठून काढायचा, डोलकाठीकडून की गायीकडून?

ऑकलंडची_ताई

डोलकाठीकडून. ते टोक नव्या बाजूच्या दोराला अडकवायचं, म्हणजे क्षणभर पोल दोन्ही खालच्या टोकांना धरून आडवा राहतो. मग जुन्या बाजूचं टोक सोडून डोलकाठीला. एक टोक कायम कशाला तरी अडकलेलं असतं, म्हणून पोल पडत नाही. हे चालू असताना तुम्ही वारा बरोबर पाठीवर ठेवायचा आणि मधोमध उभं राहून दोन्ही दोर हातात धरायचे, म्हणजे शीड भरलेलं राहतं. तिला घाई करायची नाही. आणि सूचना द्यायच्या नाहीत.

तलावातला_खलाशी

हे शेवटचं वाक्य तिने स्क्रीनशॉट काढून ठेवलं आहे. या रविवारी पुन्हा जातोय. आणि गायीचं नाव आता "लगाम" ठरलंय.