कृत्रिम हृदयामुळे प्रत्यारोपणाची रांग कमी होते का?

सह्याद्रीवारा:
नोव्हेंबर २०२४ मध्ये सिडनीत एका रुग्णाचं हृदय काढून टायटॅनियमचं 'बायव्हेकॉर' हे कृत्रिम हृदय बसवलं. फेब्रुवारीत तो ते घेऊन इस्पितळातून बाहेर पडला, मार्चमध्ये त्याला दात्याचं हृदय मिळालं. सगळे हरखले. पण यामुळे दात्यांची हृदयं एकाने तरी वाढली का? याला मिळालं ते यादीतल्या दुसऱ्या कुणाला मिळालं नाही. मरणारं नाव तेवढं बदललं. खर्च करायचाच तर कायमच्या यंत्रावर करा.

आयसीयूतला:
साफ असहमत. हृदयाच्या दोन्ही बाजू निकामी झालेल्या माणसाची किडनी, यकृत आधीच ढासळलेली असतात. तशात प्रत्यारोपण केलं तर दात्याचं हृदयही वाया जायची भीती. यंत्रावर रक्तपुरवठा सुधारतो, अवयव सावरतात, मग शस्त्रक्रिया. 'कार्डिओवेस्ट' या कृत्रिम हृदयाच्या २००४ च्या अभ्यासात यंत्र बसवलेले ७९ टक्के रुग्ण प्रत्यारोपणापर्यंत पोचले, यंत्र नसलेले ४६ टक्के.

सह्याद्रीवारा:
त्या अभ्यासात कुणाला यंत्र लावायचं नि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, हेही सांगा की.

आयसीयूतला:
मरणाच्या दारातल्या माणसासाठी चिठ्ठ्या टाकता का तुम्ही?

चिंगीची_आई:
भांडण जुनंच आहे. एप्रिल १९६९, ह्यूस्टन. हृदयाचे सर्जन डेंटन कूलींनी हॅस्केल कार्प या ४७ वर्षांच्या माणसाला कृत्रिम हृदय बसवलं, ६४ तास. बायकोने हृदयासाठी जाहीर आवाहन केलं. हृदय मिळालं, पण नंतर दीड दिवसात न्यूमोनियाने तो गेला. यंत्रावरचा रुग्ण सगळ्यांना दिसतो, यादीतले बाकीचे कुणाला दिसतात? एवढ्यापुरती मी सह्याद्रीवारांच्या बाजूने.

घाटावरचा:
दिसण्यावर हृदय मिळत नाही हो. अमेरिकेत २०१८ पासून यादीला सहा पायऱ्या आहेत, पहिली सगळ्यात तातडीची. डाव्या कप्प्याला पंप लावून घरी ठणठणीत असलेला माणूस साधारण चौथ्या पायरीवर. पूर्ण कृत्रिम हृदयवाला मात्र दुसऱ्या.

सह्याद्रीवारा:
बघा! मग तोही हिंडता-फिरता असेल तर चौथ्यावर ठेवा.

आयसीयूतला:
कसं ठेवणार? पंपवाल्याचं स्वतःचं हृदय अजून छातीत असतं, पंप बंद पडला तरी ते थोडंफार चालतं. पूर्ण यंत्र बंद पडलं तर मागे काहीच नाही.