मदत हवी आहे: झांबियातल्या गावाला हापशासाठी पैसे पाठवू का?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची, सध्या पुण्यात नोकरी करते. २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षं झांबियात होते, चिपाटाच्या बाजूला एका खेड्यात व्हॉलंटियर म्हणून, काम पाण्याचं. तिथले हापसे म्हणजे आपला इंडिया मार्क टू, आणि तो पंप १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने बनला तेव्हा त्याचं मूळ होतं सोलापूरचा पंप! हे कळलं तेव्हा इतकं भरून आलं होतं मला.

माझं काम पाणी कमिटी उभी करायचं. घरटी थोडे क्वाचा (तिथलं चलन) जमवायचे, वॉशर गेलं की त्यातूनच मेकॅनिक बोलवायचा. पहिलं वर्ष कोणी पैसे देईना, मी दर मीटिंगला एकच सांगायचे की बाहेरचं कोणी येऊन देईल म्हणून थांबू नका, मी पण जाणारच आहे. मग हळूहळू जमायला लागले. खजिनदार होती मी जिच्या अंगणात राहायचे ती आंबूया (म्हणजे आजी), लिहिता येत नव्हतं पण कोणाचे किती बाकी ते तोंडपाठ.

आता तिच्या नातवाचा व्हॉट्सॲप आलाय. हापशाचे पाईप गंजून सडले, तिकडे बऱ्याच ठिकाणी पाणीच असं आहे की जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप टिकत नाहीत, आणि कमिटीकडे आहेत ते पैसे निम्म्यालाही पुरत नाहीत. पाऊस नोव्हेंबरशिवाय नाही, बायका ओढ्यात झिरे खणून पाणी भरतायत. त्याने पैसे मागितले नाहीत हो, फक्त फोटो टाकला आणि लिहिलं आंबूया विचारते कशी आहेस.

पाठवायला माझ्याकडे आहेत. पण पाठवले तर पुढच्या महिन्यापासून वर्गणी कोण देणार? आणि नाही पाठवले तर कुठल्या तोंडाने, दोन वर्षं त्यांच्या ताटातली न्शिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि कूट घातलेली पालेभाजी खाल्लीय मी. नवरा म्हणतो पाठव आणि विषय संपव. बाकी कोणाशी बोलावं तर सिंह बघितलास का एवढंच विचारतात, परत आल्यापासून हे असंच आहे.

इथे कोणी बाहेर असं काम करून आलंय का, किंवा गावच्या पाणीपुरवठा समितीत आहे का? निम्मे त्यांचे निम्मे माझे असं चालेल का, की उसने म्हणून द्यावेत? परत जीआयच टाकले तर परत सडणार, स्टेनलेस स्टीलचे महाग, त्यातला फरक तेवढा मी भरला तर? प्लीज सांगा, चार दिवस झाले, मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.