पहाटे तीनला मोडणारी झोप

प्रश्न (रामबाग, इंदूर) :
माझे वय ४८ आहे. गेले काही महिने रात्री तीनच्या सुमारास मान आणि उशी घामाने भिजून मला जाग येते, आणि पहाटे नळाला नर्मदेचे पाणी येईपर्यंत मी नुसती कूस बदलत राहते. घरचे म्हणतात, वयाचा परिणाम आहे. हे सोसायचे की डॉक्टरांना दाखवायचे?

उत्तर १ :
ताई, कृपया सोसू नका. पाळी थांबण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) कमी होते, त्यामुळे शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र जरा जास्तच हळवे होते आणि घामाच्या लाटा येऊन झोप तुटते. प्रौढांना रोज किमान ७ तास झोप हवी. ती सतत कमी पडली, तर रक्तदाब, मधुमेह आणि नैराश्याचा धोका वाढतो. यावर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, थायरॉइडही तपासून घ्या.

उत्तर २ :
माझे कारण निराळेच निघाले. अंथरुणावर पाठ टेकली की पोटऱ्यांत वळवळ सुरू होई आणि उठून चालल्याशिवाय चैन पडत नसे. तपासणीत फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, फारच कमी आढळला. आपल्याकडे बायकांची ही तपासणी राहूनच जाते, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर ३ :
आपण घोरता का, हेही घरच्यांना विचारा, कारण पाळी गेल्यानंतर झोपेत श्वास अडखळण्याचे प्रमाण वाढते. आणि संध्याकाळचा चहा दुपारीच उरकून घ्या. कॅफीनचा अर्धा अंश पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो.