डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधारवर पत्नीचं नाव वेगवेगळं: दुरुस्ती कुठून सुरू करावी?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. मराठा लाइट इन्फंट्री, हवालदार, निवृत्त. पेन्शन आता स्पर्शवर (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन व्यवस्था). कागदांची स्थिती अशी:

डिस्चार्ज बुक (निवृत्तीवेळी मिळालेलं सेवेचं पुस्तक) आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) यांत पत्नीचं नाव लग्नानंतरचं, आडनाव गावकर, शेवट के-ए-आर. जन्मतारखेची जागा कोरी. आधार आणि पॅनवर नाव तेच, पण आडनावाचा शेवट सी-ए-आर. तेओर (गोव्यातला जन्मनोंदीचा उतारा) आणि विवाह नोंदणीत मात्र माहेरचं नाव, म्हणजे पहिलं नावसुद्धा वेगळं. माझी स्वतःची जन्मतारीख सेवेत 14 मार्च, आधारवर 1 जून. शिवाय एकूण सेवा 24 वर्षं 3 महिने 20 दिवस, त्यातून 41 दिवस नॉन-क्वालिफाइंग, म्हणजे पेन्शनसाठी न धरायचे, म्हणून वजा केलेत, कशाचे ते लिहिलेलं नाही.

सगळं एकाच अर्जात बेळगावला, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, पाठवावं का?

रेकॉर्डवाला

एकाच अर्जात नको. नाव, जन्मतारीख आणि सेवेचे दिवस ही कामं वेगवेगळ्या टेबलांवर जातात. एका पाकिटात घातली तर ज्याचा निर्णय लागत नाही त्याच्यामुळे बाकीचीही अडकतात.

तुमची जन्मतारीख आधी निकालात काढा. निवृत्तीनंतर सेवेतली तारीख बदलून मिळत नाही, कोर्टंही अशा मागण्या फेटाळतात. तेव्हा बदलायचं आधार. तिथे जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून 14 मार्चचा पुरावा हातात असल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका.

पत्नीच्या आडनावाचंही तसंच. पीपीओत के-ए-आर आहे आणि तुम्हाला तेच हवंय, तर सेवेचं रेकॉर्ड कशाला हलवायचं? आधार आणि पॅन पीपीओप्रमाणे करून घ्या. नावाची दुरुस्ती आधारवर दोनदाच मिळते. तेवढं झालं की बँकेचं खातंही त्याच स्पेलिंगवर आणा. बरेच जण उलटं करतात: आधारवर जे छापून आलं त्याप्रमाणे पीपीओ बदला म्हणून अर्ज करतात, करिजेंडम (दुरुस्तीचा आदेश) निघतो, आणि मग डिस्चार्ज बुक वेगळं पडतं.

रेकॉर्ड ऑफिसकडे खरं काम एकच उरतं: पत्नीची जन्मतारीख चढवणं. ते टाळू नका. फॅमिली पेन्शनरला वयाच्या 80 व्या वर्षी 20 टक्के, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि 100 ला 100 टक्के जादा पेन्शन असते. तारीख कोरी असेल तर ती वाढ आपोआप लागत नाही, आणि त्या वयात बाईमाणसाला कागद गोळा करत फिरावं लागतं.

अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, पीपीओ नंबर, डिस्चार्जची तारीख. सोबत डिस्चार्ज बुकाची सगळी पानं (फक्त पहिलं नव्हे), पीपीओ, दोघांचं आधार व पॅन, तेओर, विवाह दाखला, जोडफोटो आणि प्रतिज्ञापत्र. पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे पाठवून घेतलं तर साक्षांकनाचा प्रश्न मिटतो. रेकॉर्ड ऑफिस पडताळून पुढे पाठवतं, करिजेंडम पीपीओ प्रयागराजच्या पीसीडीएकडून (संरक्षण पेन्शनचं लेखा कार्यालय) निघतो आणि स्पर्शवर तुमच्या कागदपत्रांत दिसतो. तो उघडून अक्षर न् अक्षर वाचा. दुरुस्तीत नवी चूक शिरणं काही दुर्मीळ नाही.

डिस्चार्ज बुकात स्वतः पेनाने काही लिहू नका, कोरी जागा असली तरी. खाडाखोड झालेलं पुस्तक पुरावा म्हणून संपलं.

आल्तिनो

वर प्रतिज्ञापत्राचा उल्लेख आलाय, त्यात गोव्यातल्यांची फसगत ठरलेली. मामलेदारासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र हे कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोरचं. पेन्शनच्या कामाला बहुधा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचं मागतात, ते तालुक्याच्या कोर्टात होतं. नोटरीचं तर परत येण्याची शक्यता जास्त. त्यात आजवरच्या प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंगसकट लिहून “ही सर्व नावं एकाच व्यक्तीची” असं स्पष्ट यायला हवं. एक जरी रूप सुटलं तरी नेमका त्याच कागदावर आक्षेप येतो.

तेओरवरचं नाव आणि लग्नातलं नाव पूर्ण वेगळं असणं आपल्याकडे घरोघरी आहे, पण बाहेरच्या कारकुनाला ते दोन बायका वाटतात! म्हणून विवाह दाखला जोडताना त्यावरचे आईवडील आणि तेओरवरचे आईवडील तेच आहेत हे अर्जातच एका ओळीत दाखवा. जुना तेओर पोर्तुगीजमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर लावा. एवढ्यावर भागलं नाही तरच राजपत्राच्या वाटेला जा. गोव्यात जन्मनोंद असेल तर 1990 चा नाव व आडनाव बदल कायदा लागू होतो. पत्नी सावंतवाडी किंवा खानापूरकडची असेल तर ती वाट वेगळी.

काणकोणकर

41 दिवसांबद्दल. आधी हिशेब करा, मग भांडा. 3 महिने किंवा त्याहून जास्त अपूर्णांक असेल तर तो अर्धं वर्ष धरतात. तुमची सेवा 24 वर्षं 3 महिने 20 दिवस, म्हणजे साडेचोवीस. 41 दिवस गेले की 2 महिने 10 दिवसांच्या आसपास उरतात, म्हणजे नुसती चोवीस. वन रँक वन पेन्शनचे तक्ते अर्ध्या वर्षाच्या टप्प्यांनी असतात, त्यामुळे तुमचा एक टप्पा खरंच जातोय. हेच 24 वर्षं 5 महिने असते तर सोडून द्या म्हटलं असतं.

माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर. “दिवस का वजा केले” असं विचारू नका, कारणमीमांसा मिळत नाही. शीट रोलची (सैनिकाच्या सेवेची मूळ नोंद) आणि त्या 41 दिवसांच्या पार्ट टू ऑर्डरची (रजा, गैरहजेरी वगैरेची नोंद करणारा युनिटचा आदेश) प्रमाणित प्रत मागा. पेन्शनरांची सेवा कागदपत्रं 50 वर्षं ठेवायची असतात, त्यामुळे “नष्ट झाली” हे उत्तर आलं तर पहिलं अपील करा. दिवस गैरहजेरीचे असतील आणि पुढे रजेत धरून नियमित झाले असतील, तर त्याचीही ऑर्डर निघालेली असते. ती शीट रोलवर चढली नसेल तर ही कारकुनी चूक, दुरुस्त होते. शिक्षेचे दिवस असतील तर होत नाहीत.

डिचोलीकर

आभारी आहे. उत्तरच आलं नाही तर किती थांबायचं?

रेकॉर्डवाला

नाव-तारखेसाठी आठवण पत्र आणि स्पर्शवरची तक्रार पुरते. 41 दिवसांसाठी रीतसर निवेदन द्या, स्पीड पोस्टची पावती जपा. सहा महिने उत्तर नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं, गोवा त्याच्याच कक्षेत. मासिक पेन्शन कमी मिळत राहणं हे चालू नुकसान मानतात, पण 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणून हे काम नावाच्या दुरुस्तीमागे रांगेत लावू नका, दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाका.

आणि स्पर्शचा ओटीपी मागणाऱ्या “मदतनीसां”ना फोन ठेवून द्या.