सल्ला हवा: सी मध्ये मसावि-लसावि काढणारा छोटा प्रोग्राम

कोरी_पाटी: लेकीच्या गृहपाठातले मसावि-लसावि तपासायला लिनक्सवर सी मध्ये प्रोग्राम खरडलाय. कमांडपुढे दोन संख्या टाकायच्या, खाली उत्तर. कॉलेज सुटल्यावर सी ला हात पहिल्यांदाच लावला. १२ आणि १८ ला ३६ आलं, मी खूश. मग ६०००० आणि ९०००० दिले, तर लसावि ३६८३४! दिलेल्या संख्यांपेक्षा लसावि लहान? इंट (पूर्णांकाचा टाइप) काढून डबल (दशांशाचा) घेऊ का?

टर्मिनलमामा: डबल नको, पूर्णांकांचं काम पूर्णांकांतच ठेवा. आधी गुणाकार करून मग मसाविने भागताय ना? तो गुणाकार होतो ५४० कोटी, आणि ३२ बिटांच्या इंटमध्ये मावतात २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास. वरचं सांडलं, उरले १,१०,५०,३२,७०४. त्याला ३०००० ने भागा, तुमचे ३६८३४ हजर!

आधी भागा, मग गुणा: अ / मसावि * ब. मसाविने अ ला निःशेष भाग जातोच. टाइप लाँग लाँग (६४ बिटांचा मोठा पूर्णांक). मसाविला युक्लिडची रीत (बाकी शून्य येईपर्यंत भागत राहायचं), व्हाइल लूपच्या चार ओळी. दोन्ही संख्या शून्य असतील तर मसावि शून्य येतो आणि भागाकारात प्रोग्राम आपटतो, ते आधीच अडवा.

कंदीपेढा: इनपुट एटॉयने (atoi, मजकुराची संख्या करणारं फंक्शन) वाचत असाल तर आजच काढा. ६०,००० असा स्वल्पविराम टाकलात की ते ६० समजतं आणि चूं करत नाही. त्याऐवजी स्ट्रटोलएल (strtoll) घ्या. वाचन कुठे थांबलं तो पॉइंटर (त्या जागेचा पत्ता) मिळतो. तिथे स्ट्रिंग संपलेली नसेल तर एसटीडीएररवर (stderr, चुकांच्या संदेशांची वेगळी वाट) तक्रार छापून १ परत करा. आणि जीसीसीला (सी चा कंपायलर) अनडिफाइन्ड बिहेवियरचा सॅनिटायझर (चालताना अशा चुका पकडणारी तपासणी) लावून चालवा, इंट कुठल्या ओळीवर सांडला ते तोच सांगतो.

बाकी_शून्य: एवढा खटाटोप कशाला? लिनक्समध्ये फॅक्टर कमांड आहे की. फॅक्टर ९०००० म्हटलं की २ २ २ २ ३ ३ ५ ५ ५ ५. शाळेतही मूळ अवयवच पाडायला लावतात.

टर्मिनलमामा: @बाकी_शून्य, त्यांना सी ची खाज आहे, भागवू द्या :)

कोरी_पाटी: मामा, १८०००० आलं! स्वल्पविरामालाही आता शिव्या बसतात. लेकीने लगेच तीन संख्यांचा लसावि मागितलाय. पहिल्या दोघांचा काढून तो तिसऱ्याबरोबर घ्यायचा, एवढंच ना?

कंदीपेढा: एवढंच. लूप एआरजीसीपर्यंत (argc, कमांडलाइनवरच्या शब्दांची संख्या) फिरवा, मग दहा संख्या देऊ दे.