केनियातल्या पोरांना कोडिंग शिकवायचं की दुकानाचा हिशेब?

अथीकाठचा

नैरोबीत राहून बरीच वर्षं झाली. पोटापाण्याला अकाउंट्सचं काम, आणि शनिवारी एका चर्चच्या हॉलमध्ये विशीतल्या मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवतो. तिथे जे दिसतं त्यावरून हा धागा.

आफ्रिकेतल्या तरुणांना 'डिजिटल स्किल' द्यायची लाट येऊन आता दशक होत आलं. 2017 मध्ये सुंदर पिचाई लेगोसमध्ये जाहीर करून गेले की गूगल पाच वर्षांत एक कोटी आफ्रिकी लोकांना शिकवणार. नायजेरिया सरकारने 2023 मध्ये 30 लाख तंत्रकुशल तरुण घडवायची योजना काढली. केनियात सरकारची 'अजिरा' केंद्रं आहेत, तिथे ऑनलाइन कामं कशी मिळवायची ते शिकवतात. हेतूंबद्दल शंका नाही. पण यातलं बरंचसं शिक्षण पोराला परदेशी गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उभं करतं, आणि ते दार उघडणार की नाही हे त्याच्या हातात नाही. आज त्याच्या गल्लीत जो पैसा फिरतोय, त्याला लागेल ते आधी शिकवा, एवढंच माझं म्हणणं.

लुथुली अव्हेन्यू म्हणजे इथला मोबाइल बाजार. माझ्या वर्गातला एक पोरगा तिथे दुसऱ्याच्या गाळ्यात हातभर टेबल भाड्याने घेऊन बसतो. हॉट एअर गनने चार्जिंगचं सॉकेट उतरवून नवं बसवतो, डोळ्याचं पातं लवत नाही. यूट्यूबवर शिकला, त्यात त्याला माझी गरज नाही. पैसे घेतो स्वतःच्या नंबरवर, एम-पेसाने (फोनवरून पैसे द्यायघ्यायची सेवा, सफारीकॉम या इथल्या मोबाइल कंपनीची). महिनाअखेर सफारीकॉमकडून पासवर्ड लावलेली पीडीएफ मागवली, तर पानंच्या पानं. गिऱ्हाइकांकडून आलेले, पार्ट्सवाल्याला दिलेले, आईला गावी पाठवलेले, वर फुलिझाची कापाकापी (खात्यात नसले तरी खर्चू देतात आणि पैसे आले की वळते करून घेतात, ते फुलिझा), सगळं एकाच रांगेत. धंदा चांगला चाललाय म्हणायचा, पण महिन्याला सुटतं किती, सांगता येईना.

ती पीडीएफ शीटमध्ये आणली. शेजारी एक रकाना घातला: माल, मजुरी, घर, उसने. फिल्टर, मग पिव्हट (रकान्यानुसार बेरजा). तेव्हा कळलं की स्क्रीन बदलण्यात जवळपास काहीच सुटत नाही, कमाई आहे ती सॉकेटमध्ये. स्क्रीनचे दर त्याने दुसऱ्या दिवशी वाढवले.

शिवाय 2024 पासून इथल्या कर खात्याचं ई-टिम्स, म्हणजे ऑनलाइन बिलांची यंत्रणा, आलंय. ऑनलाइन बिल नसेल तर कंपन्यांना तो खर्च करात दाखवता येत नाही. म्हणजे ज्याला हे बिल काढता येतं त्यालाच ऑफिसांची कामं मिळणार. हे कुठल्या बूटकॅम्पमध्ये शिकवतात, सांगा.

लेगोस रिटर्न

तुमच्या शीटचं कौतुक आहे, पण विरोध नोंदवतो. 'तुमच्या पोरांनी आपलं गल्लीतलं बघावं' हा सल्ला आफ्रिकेला कायम बाहेरचेच देत आले. 90 च्या दशकात आपल्या पोरांना कोणी म्हटलं असतं, कशाला अमेरिकेची कामं, वाण्याची वही लिहायला शिका, तर हिंजवडीत आज शेतंच असती.

मी लेगोसला नोकरीत होतो तेव्हा याबा भागात जी पोरं बघितली, ती तुमच्या-माझ्या पोरांइतकीच हुशार, आणि जनरेटरच्या आवाजात रात्र रात्र बसणारी. ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी पेस्टॅक दोन नायजेरियन इंजिनियरांनी उभी केली, 2020 मध्ये स्ट्राइप या अमेरिकी कंपनीने 20 कोटी डॉलरच्या वर किंमत देऊन घेतली. 2014 मध्ये अँडेला ही डेव्हलपर घडवणारी कंपनी काढणाऱ्यांपैकी एक, इयिनोलुवा अबोयेजी, पुढे फ्लटरवेव्ह या पेस्टॅकसारख्याच कंपनीच्या संस्थापकांत होता. आज तिथले हजारो दुकानदार ज्या यंत्रणेतून पैसे घेतात ती या लोकांनी लिहिली. तुम्ही म्हणता तसं सगळे हिशेबच शिकले असते तर हिशेब ठेवायला एम-पेसा तरी कुठून आलं असतं?

अथीकाठचा

एम-पेसाचं उदाहरण तुम्हालाच अडचणीचं आहे. 2007 ला ते चाललं ते साध्या बटणाच्या फोनवर, आणि चालवलं कोपऱ्याकोपऱ्यावरच्या एजंटांनी. वहीत नोंद करणारे, रोकड आणि फ्लोट (फोनमधली शिल्लक) दोन्हींवर नजर ठेवणारे हे लोक. त्यांना कोडिंग येत नव्हतं.

आणि अँडेलाचं पुढचं सांगायचं राहिलं. पगार देऊन शिकवायचं आणि परदेशी कंपन्यांच्या टीममध्ये बसवायचं, असं त्यांचं मॉडेल. 2019 च्या सप्टेंबरात नायजेरिया, युगांडा, केनियातल्या सुमारे 400 ज्युनियर डेव्हलपरांना घरी पाठवलं. कारण काय, तर बाजारात मागणी अनुभवी लोकांना आहे. चूक कंपनीची म्हणत नाही मी. पण सगळ्यात चांगल्या शाळेतून निवडून घेतलेल्या पोरांची ही गत, तर सहा आठवड्यांचा कोर्स केलेल्याचं काय होणार?

सोलापूरचा मास्तर

मी एमएस-सीआयटी शिकवून केस पांढरे केलेत, म्हणून चार ओळी.

आपल्याकडे त्या कोर्सला गर्दी का झाली? सरकारी नोकरीला लागायचा, आणि नोकरीत असलेल्यांची वेतनवाढ त्याच्यावर अडायची. पन्नाशीचे गुरुजी माउस धरायला शिकले ते त्या धाकाने. गावोगाव केंद्रं निघाली, लोकांच्या मनातली कॉम्प्युटरची भीती गेली, हे मोठंच काम झालं. पण सर्टिफिकेट फायलीला लागलं की बऱ्याच जणांनी कीबोर्डला हात लावला नाही. मला विचाराल तर तुम्हा दोघांच्या भांडणाच्या आधीचा प्रश्न असा की शिकलेलं सोमवारी सकाळी कुठे वापरायचं. वापर असला की तो टिकतो, मग कोडिंग असो नाहीतर वही.

(अवांतर: सर्टिफिकेट देता का हो तुम्ही? नसाल तर वर्ग भरतो कसा, ते मला शिकायचंय.)

पेठकर काकू

मास्तरांना +१.

चिकित्सक

दोन्ही बाजू पैसे कोण देणार यावर भांडतायत, पण दिलेले पैसे हातात पडतात का?

नायजेरियात पेपाल आलं 2014 ला, पण वर्षानुवर्षं तिथल्या खात्यातून पैसे फक्त पाठवता यायचे, घेता यायचे नाहीत. म्हणजे लोगो करून द्या, वेबसाइट करून द्या, आणि मग पैशांसाठी इंग्लंडमधल्या मावसभावाचे पाय धरा. मार्च 2024 मध्ये आयव्हरी कोस्टजवळ समुद्रातल्या चार केबल एकदम तुटल्या, घानापासून नायजेरियापर्यंत इंटरनेट लंगडं झालं. डेडलाइन चुकली तर अमेरिकेतलं गिऱ्हाईक केबलचा दाखला मागत बसत नाही, सरळ एक तारा देतं.

आणि काम मिळालं तरी कसलं? 2023 च्या जानेवारीत टाइम मासिकाने छापलं, की नैरोबीतल्या एका कंत्राटदाराकडे चॅटजीपीटीसाठी विषारी मजकूर वाचून त्यावर खुणा करणाऱ्यांच्या हातात तासाला दोन डॉलरहूनही कमी पडत होते. फेसबुकसाठी मजकूर तपासणाऱ्यांनी तर केनियाच्या कोर्टात दावेच लावले, आणि मेटावर तिथे खटला चालू शकतो असं कोर्टाने म्हटलं. माझ्या मते कोर्सचा पहिला धडा हवा: करारपत्र कसं वाचायचं, बिल कसं लावायचं, ॲडव्हान्स न घेता काम सुरू का करू नये. यात कोडिंगवाल्यांचं आणि हिशेबवाल्यांचं, दोघांचंही भलं आहे.

लेगोस रिटर्न

चिकित्सक, करारपत्राचं शंभर टक्के मान्य. पण तुम्ही सांगितलेल्या अडचणींवर 'मग परदेशी कामच नको' हा उपाय होत नाही. पेपाल चालेना म्हणूनच पेस्टॅक-फ्लटरवेव्हसारख्यांना वाव मिळाला. अडचण सोडवायला ती समजणारी, कोड लिहिणारी माणसं त्याच गावात लागतात.

आणि हे आपल्या लोकांना माहीत होतं. घानाच्या अक्रातलं कोफी अन्नान आयटी प्रशिक्षण केंद्र 2003 मध्ये उभं राहिलं ते भारत-घानाच्या भागीदारीतून, त्यात आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा हात होता. तिथे प्रोग्रामिंगच शिकवायला घेतलं, ते झेपणार नाही असं कोणी ठरवलं नाही.

अथीकाठचा, तुमच्या लुथुलीवाल्या पोराबद्दल एक प्रश्न. दर महिन्याला पीडीएफ मागवून, पासवर्ड घालून, शीटमध्ये चिकटवत बसण्यापेक्षा सफारीकॉमचं 'दराजा' वापरा. एम-पेसाचे व्यवहार थेट प्रोग्रामला मिळतात. वर्गातल्या एखाद्या पोरीने ते जोडून दिलं, तर तेच ती अख्ख्या लुथुली अव्हेन्यूला विकू शकेल. गिऱ्हाईक गल्लीतलंच, की नाही?

अथीकाठचा

मास्तर, सर्टिफिकेट देत नाही. वर्ग भरतो कारण हॉलमध्ये वाय-फाय फुकट आहे. निम्मे त्यासाठीच येतात, मलाही माहीत आहे.

लेगोस रिटर्न, दराजाला टिल किंवा पेबिल नंबर (धंद्यासाठीचा वेगळा एम-पेसा नंबर) लागतो, घरच्या नंबरवर ते चालत नाही. आणि टिल घ्यायला दुकानदार का तयार होत नाहीत? धंद्याचे आणि घरचे पैसे वेगळे ठेवायची सवय नाही, म्हणून. ती सवय माझ्या शीटने लागते. शिवाय टिल घेतलं की कर खात्याच्या नजरेत येऊ, ही धास्ती. ती तुमचा प्रोग्राम कशी घालवणार?

तरीही, दराजा मला येत नाही. शिकवता का ऑनलाइन? शनिवारी आमचे सकाळचे दहा, तुमचे साडेबारा.

लेगोस रिटर्न

शिकवतो. पण मला सगळा वर्ग नको. ज्यांना आधीच थोडी जावास्क्रिप्ट येते असे दोघं-तिघं निवडून द्या, बाकीच्यांना तुम्ही टिल काढून द्या.

अथीकाठचा

निवडायचं कोणी आणि कशावरून? एकदा चाळणी लावली की माझ्या मागच्या बाकावरच्या मुली पुढच्या शनिवारी येणार नाहीत. सगळ्यांना घेत असाल तर या.